दृष्टिपटलांतील रक्तप्रवाह

मनुष्याच्या देहास छेद न देतां त्याच्या रक्तवाहिन्या इतक्या स्पष्टपणें दिसाव्या, असें स्थान डोळ्याच्या आंतील दृष्टिपटलासारखें दुसरें नाहीं. १८५१ सालीं हेल्महोल्ट्झ यानें आपला नेत्रदर्शक पुढें आणला आणि वैद्यांस जिवंत डोळ्याचें अंतरंग पाहतां येऊं लागलें. परंतु पाहणें निराळें व मोजणें निराळें. रोहिणी व नीला दिसल्या, तरी त्यांतून रक्त कसें व किती वेगानें वाहतें, हें कळण्यास आणखी शंभरांहून अधिक वर्षें जावीं लागलीं.

त्यांतील एक हकीगत सांगितल्यावांचून आम्हांस पुढें जाववत नाहीं. अमेरिकेंतील इंडियाना विद्यापीठांत नोव्होट्नी व अल्विस हे दोन वैद्यकीचे विद्यार्थी होते. फ्लुओरेसीन नांवाचें रंगद्रव्य बायर यानें १८७१ सालींच तयार केलें होतें. निळ्या प्रकाशांत तें हिरवें चमकतें. तें हाताच्या शिरेंत टोचावें आणि कांहीं क्षणांत दृष्टिपटलांत पोंचतांना त्याचीं छायाचित्रें घ्यावीं, असें या दोघांनीं योजिलें. पहिला रोगी कोण, तर अल्विस स्वतःच! नेत्रवैद्यकाच्या नियतकालिकानें त्यांचा निबंध साभार परत केला. अखेर तो १९६१ सालीं रक्ताभिसरणास वाहिलेल्या नियतकालिकांत छापला गेला. विद्वानांच्या दारीं नव्या गोष्टीस तिष्ठावें लागतें, हा प्रकार आमच्याकडेही अपरिचित नाहीं.

वेग मोजण्याचें श्रेय रिव्हा, रॉस व बेनेडेक यांच्या १९७२ च्या प्रयोगास द्यावें लागतें. वाणगांवच्या फलाटावर न थांबतां धांवणाऱ्या गाडीची शिटी जवळ येतांना चढी व दूर जातांना उतरती लागते; तोच डॉप्लरचा नियम त्यांनीं प्रकाशास लाविला. वाहत्या रक्तपेशींवरून परतणाऱ्या लेसरकिरणांची कंपनसंख्या किंचित् बदलते, त्यावरून वेग निघतो. पुढें १९९१ सालीं पटलाचे थर प्रकाशानें रेखणारें यंत्र निघालें. त्याच्याच आधारें आतां एकाच जागेचीं चित्रें पुनःपुन्हां घेऊन, जें हलतें तेवढेंच वेगळें काढतात. टोंचण्याची गरज उरत नाहीं. मात्र हें यंत्र प्रवाह कोठें आहे हें दाखवितें, किती आहे हें तितक्या भरंवशानें सांगत नाहीं.

डहाणू-तलासरीच्या वाचकांस हा विषय दूरचा वाटूं नये. विळ्याच्या आकाराच्या रक्तपेशींचा रोग, ज्यास सिकलसेल म्हणतात, तो पालघरसह महाराष्ट्राच्या आदिवासी भागांत आढळतो. या पेशी दृष्टिपटलाच्या कडेच्या सूक्ष्म वाहिन्या बुजवूं शकतात. तेथें नव्या, ठिसूळ वाहिन्या फुटतात आणि त्यांतून रक्तस्राव होईपर्यंत रोग्यास कांहींच जाणवत नाहीं. २०२३ सालीं सुरू झालेली राष्ट्रीय मोहीम रक्त तपासते, हें उत्तमच. परंतु कोणाचा डोळा धोक्यांत आहे, हें रक्ताच्या थेंबावरून कळत नाहीं. दहाव्या वर्षापासून अशा मुलांचे डोळे वरचेवर तपासावेत, असें अमेरिकेंतील तज्ज्ञांनीं २०१४ सालीं सांगितलें आहे. त्यासाठीं लेसरही लागत नाहीं. औषधाचे थेंब घालून बाहुली मोठी करावयाची आणि हेल्महोल्ट्झच्याच वंशांतला एक नेत्रदर्शक हातीं घेऊन पटलाच्या कडेपर्यंत पाहणारा वैद्य तेथें असावा, एवढेंच.