तळटीप : प्रायमरीपूर्व जनमत चाचण्या आणि मागे पडलेला उमेदवार

‘प्रायमरी’ म्हणजे अमेरिकेत अध्यक्षपदासाठी पक्षाचा उमेदवार ठरवण्याकरिता राज्याराज्यांत होणारी प्राथमिक निवडणूक. तिच्या कित्येक महिने आधीच्या राष्ट्रीय चाचण्यांचे आकडे वाचताना, मतदार त्या टप्प्यावर बहुधा पसंती नव्हे, तर ओळखीचे नाव सांगत असतो, हे ध्यानात घेतले पाहिजे. जॉर्जियाचे माजी गव्हर्नर जिमी कार्टर १९७६च्या आरंभीही अशा चाचण्यांत जेमतेम चार टक्क्यांच्या आसपास होते. परंतु आयोवात महिनोन्‌महिने घरोघरी फिरून त्यांनी जोडलेली माणसे देशभराच्या नमुन्यात दिसणे शक्यच नव्हते. १९ जानेवारीला तेथील ‘कॉकस’मध्ये, म्हणजे वस्तीवस्तीत भरणाऱ्या पक्षसभांत, त्यांना सुमारे २८ टक्के पाठिंबा मिळाला. ‘कोणालाही बांधील नाही’ असे सांगणारे ३७ टक्के, म्हणजे त्यांच्याहून अधिक होते, ही बाब अनेक वृत्तांतांतून गळते. उमेदवारांत मात्र तेच पहिले ठरले.

शिवाय ४०० जणांच्या चाचणीत दोन टक्के म्हणजे अवघी आठ माणसे. चार माणसे इकडची तिकडे झाली की तोच आकडा एक किंवा तीन टक्के होतो, आणि त्यावरून ‘घसरण’ वा ‘उसळी’ ठरवणे सर्वस्वी चुकीचे आहे. तळाचे बहुतेक उमेदवार अखेरपर्यंत तळाशीच राहतात, हे खरे. पण आघाडीचा आकडाही तितकाच कच्चा असतो. २००७मध्ये बहुतांश काळ रिपब्लिकन चाचण्यांत आघाडीवर असलेले रुडी जुलियानी ३० जानेवारी २००८ रोजी एकही राज्य न जिंकता स्पर्धेबाहेर पडले.