डायलिसिसवरील ज्येष्ठांची लस : डोस दुप्पट, तपासणी आवश्यक

वारंगा फाट्यावरून नांदेड किंवा हिंगोलीला डायलिसिससाठी आठवड्यातून दोन-तीनदा जाणारे बुजुर्ग आपण पाहतो. घरचे म्हणतात, "अब्बांना कावीळची लस दिली आहे." आम्ही विचारतो, "लस लागू पडली का, हे तपासलं का?" बहुतेक वेळा उत्तर नसतं.

धोका कशाचा?
हेपॅटायटिस-बी हा विषाणू रक्तातून पसरतो आणि डायलिसिसमध्ये रक्ताचाच संबंध येतो. आपल्या देशात बाळांना ही लस सर्वत्र 2011 पासून मिळू लागली. म्हणजे आजच्या साठीतल्या माणसांना ती लहानपणी मिळालेली नाही.

लस कमी का लागू पडते?
किडनी निकामी झाली की शरीराची प्रतिकारशक्ती मंदावते. त्यात वय, शुगर आणि कमी खाणं यांची भर पडते. म्हणून नेहमीचा डोस पुरत नाही.

काय करावे?
- किडनीचा आजार कळताच, डायलिसिस सुरू होण्याआधीच लस घ्यावी. तेव्हा ती जास्त चांगली लागू पडते.
- आधी 'एचबीएसएजी' तपासणी करावी. ती आजार आहे का, ते सांगते.
- प्रौढांचा डोस 20 मायक्रोग्रॅमचा असतो. डायलिसिसवाल्यांना साधारणपणे 40 मायक्रोग्रॅम देतात. पहिल्या डोसनंतर 1, 2 आणि 6 महिन्यांनी, असे एकूण चार डोस.
- इंजेक्शन दंडात घ्यावे, कुल्ल्यावर नको. फिस्टुला असलेला हात मात्र सोडावा.
- शेवटच्या डोसनंतर एक-दोन महिन्यांनी 'अँटी-एचबीएस' तपासणी करावी. आकडा 10 किंवा जास्त आला, तर संरक्षण मिळाले. कमी आला, तर पुन्हा पूर्ण कोर्स आणि पुन्हा तपासणी.
- दरवर्षी हीच तपासणी करावी. आकडा 10 च्या खाली गेला, तर बूस्टर डोस.

दोन्ही तपासण्यांची नावं सारखी वाटतात, गल्लत करू नका. फ्लूची लस दरवर्षी आणि न्यूमोनियाची लस कधी, हेही डॉक्टरांना विचारा.

शंका
"या लसीत कुणाचं रक्त असतं का?" असं आम्हाला विचारलं जातं. नाही. ती यीस्टपासून तयार होते. पुण्याची सीरम इन्स्टिट्यूटही ती बनवते.

डायलिसिसच्या फाईलच्या पहिल्या पानावर लसीच्या तारखा आणि तो आकडा लिहून ठेवा. अब्बांना आकडे लक्षात राहणार नाहीत. ते काम घरातल्या शिकलेल्या मुला-मुलींचं आहे.