मातेराची गुहाघरे आणि भट्टीचा पाव

इतिहास म्हणजे राजे, लढाया आणि सनावळ्या, असा आपल्या विद्यार्थ्यांचा समज असतो. परंतु सामान्य माणूस कोठे राहिला, कोणते पाणी प्याला आणि काय जेवला, हाही इतिहासच होय. दक्षिण इटलीतील मातेरा हे गाव पाहणाऱ्यास हा धडा पावलोपावली मिळतो.

सहलीत आपण अजिंठा-वेरूळची लेणी पाहतो. ती उपासनेसाठी कोरलेली. मातेरा येथे मात्र खोल घळीच्या काठावरील मऊ चुनखडीत साध्या शेतकऱ्यांनी पिढ्यान्‌पिढ्या संसार केले. अश्मयुगापासून या परिसरात मनुष्यवस्ती आहे. या गुहावस्त्यांना ‘सास्सी’ म्हणजे ‘दगड’ म्हणतात. खालच्या घराचे छत हीच वरच्या घराची वाट! पावसाचे पाणी पन्हळींतून खडकातील टाक्यांत साठविले जाई. मुख्य चौकाखालील एका टाक्यात तर सुमारे ५० लाख लिटर पाणी मावते.

मग हे गाव बदनाम का झाले? लोकसंख्या वाढली, तेव्हा गोठे आणि पाण्याची टाकीसुद्धा राहण्यासाठी वापरात आली. एकाच खोलीत आईबाप, मुले, खेचर आणि कोंबड्या. त्यात मलेरिया व बालमृत्यू. मुसोलिनीच्या राजवटीने या प्रांतात हद्दपार केलेले लेखक कार्लो लेव्ही यांनी १९४५ साली प्रसिद्ध झालेल्या पुस्तकात हे दैन्य जगापुढे मांडले. मातेराला ‘राष्ट्राची लाज’ म्हटले जाऊ लागले. १९५२ साली कायदा झाला आणि सुमारे १५ हजार लोकांना नव्या वसाहतींत हलविण्यात आले. घरे स्वच्छ मिळाली. पण एका अंगणाभोवतीचा शेजार विखुरला.

पुढे दुरुस्ती होऊन गुहा पुन्हा नांदत्या झाल्या. १९९३ साली युनेस्कोने सास्सींना जागतिक वारसा मानले आणि २०१९ साली मातेरा युरोपची सांस्कृतिक राजधानी ठरले. जी लाज होती, तीच अभिमानाची वस्तू झाली!

येथील जेवणातही हाच इतिहास आहे. घरोघरी मळलेली कणीक सामाईक भट्टीत भाजण्यास जाई. पाव ओळखता यावेत म्हणून प्रत्येक कुटुंब आपल्या लाकडी शिक्क्याने त्यावर आद्याक्षरे उमटवी. ईदपूर्वी आपल्या घरांतून नानखटाईचे तबक बेकरीच्या भट्टीत जाते, त्याची येथे आठवण होते. शिळा पाव टाकून न देता पाण्यात भिजवून त्यात कांदा, टोमॅटो घालून ‘चालेद्दा’ करतात. कापणीनंतर १ ऑगस्टला शेजारी मूठमूठ कडधान्य आणून एकाच हंड्यात ‘क्रापियाता’ शिजवीत. गरिबीने त्यांना काटकसर शिकविली, तशी वाटून खाण्याची रीतही शिकविली.

पालकहो, गरिबी ही लाज नव्हे. मात्र रोगराईत आणि अज्ञानात मुलांना ठेवणे ही समाजाची लाज आहे. ती दूर करताना शेजारधर्म हरवू नये, एवढेच मातेरा सांगते. आणि विद्यार्थी मित्रांनो, तुमच्या आजीला आज एकदा विचारा: तिच्या लहानपणी पाणी कोठून येई, आणि शिळ्या भाकरीचे काय करीत? ते वहीत लिहून ठेवा. इतिहासाचा तो तुमचा पहिला धडा ठरेल.