पंगतीत बसवले, पण गल्ल्यावर कोण बसले?



रत्नागिरीत येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याच्या मोबाईलमध्ये हल्ली एक यादी असते. इथे कोंबडी-वडे खा, तिथे सुरमईची थाळी खा, अमुक ठिकाणची सोलकढी चुकवू नका, गणपतीपुळ्याला गेलात तर उकडीचे मोदक खाल्ल्याशिवाय परतू नका. मागच्या महिन्यात मुंबईहून आलेला माझा एक तरुण कार्यकर्ता मित्र अशीच यादी घेऊन उतरला. दोन दिवस आम्ही ती यादी पार पाडली. जेवण उत्तम होते, त्याबद्दल तक्रार नाही. दुसऱ्या दिवशी पतितपावन मंदिरावरून जाताना तो म्हणाला, "दादा, जातिभेद तर इथे हॉटेलातच संपला ना? सावरकरांनी सगळ्या जातींना एकत्र चहा पाजला. मग बाबासाहेबांना वेगळे काय सांगायचे होते?"

हा प्रश्न त्या एकट्याचा नाही. आपल्या शिकलेल्या पोरांनाही तो पडतो आणि त्यांना उत्तर सापडत नाही, कारण हॉटेलात बसण्याच्या हक्काचा इतिहास कोणी सांगत नाही. हा इतिहास चहाच्या तीन कपांत सांगता येतो.

पहिला कप पुण्याचा. साल १८९०. पंचहौद मिशनमध्ये एका कार्यक्रमाला शहरातली प्रतिष्ठित मंडळी गेली. त्यांत न्यायमूर्ती रानडे होते आणि रत्नागिरीत जन्मलेले बाळ गंगाधर टिळकही होते. मिशनऱ्यांनी चहा-बिस्किटे पुढे केली. कोणी घेतली, कोणी नुसता हात लावला. पुढे नावे छापून आली आणि सनातन्यांनी हलकल्लोळ केला. ग्रामण्य झाले, प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेले, प्रायश्चित्ताच्या गोष्टी निघाल्या. ज्यांच्याकडे शिक्षण, पद, पैसा, वर्तमानपत्र सगळे होते, त्यांचीसुद्धा एका कपापुढे ही अवस्था! मग ज्यांच्या सावलीचाही विटाळ होत होता त्यांना कपापर्यंत कोण पोहोचू देणार?

दुसरा कप कोल्हापूरचा. आंबा घाट चढून गेले की येणारे हे गाव. गंगाराम कांबळे नावाचा महार समाजातला नोकर संस्थानच्या पागेत काम करी. सवर्णांच्या पाण्याच्या हौदाला हात लावला म्हणून त्याला बेदम मारहाण झाली. छत्रपती शाहू महाराजांनी मारणाऱ्यांना शासन केले, पण ते तेवढ्यावर थांबले नाहीत. गंगारामला स्वतःच्या पायावर उभे राहायला सांगितले, मदत केली. गंगारामने कोल्हापुरात चहाचे दुकान काढले. नाव ठेवले 'सत्यसुधारक हॉटेल'. महाराचे हॉटेल म्हटल्यावर गिऱ्हाईक कुठून येणार? तेव्हा महाराज स्वतः गाडी थांबवून तिथला चहा मागवू लागले आणि बरोबरच्या सरदार-अधिकाऱ्यांनाही पाजू लागले. राजानेच प्यायला म्हटल्यावर नाही कोण म्हणणार?

आज लोक 'इथला चहा चांगला आहे' म्हणून शिफारस करतात. आपल्या मुलखाच्या इतिहासातली सगळ्यांत मोठी शिफारस ही होती. एका छत्रपतीने एका अस्पृश्याच्या दुकानातल्या चहाची केलेली. आणि यातली खरी गोष्ट नीट बघा. महाराजांनी गंगारामला राजवाड्याच्या पंगतीत बसवले असते तर एका दिवसाची बातमी झाली असती. त्यांनी त्याला गल्ल्यावर बसवले. सवर्णाने पैसे मोजायचे आणि महाराने चहा द्यायचा, हा व्यवहार त्यांनी उभा केला.

तिसरा कप आपल्या रत्नागिरीचा. इंग्रज सरकारने १९२४ साली सावरकरांना या जिल्ह्यात स्थानबद्ध केले. ते १९३७ पर्यंत इथे होते. दानशूर भागोजीशेठ कीर यांच्या पैशातून पतितपावन मंदिर उभे राहिले आणि १९३१ च्या फेब्रुवारीत ते सर्व हिंदूंना खुले झाले. पैसा देणारे कीर स्वतः भंडारी समाजातले होते, हे विसरू नका. सहभोजने झाली. १९३३ साली 'अखिल हिंदू उपाहारगृह' निघाले. तिथे महार समाजातला माणूस खाद्यपदार्थ वाढत असे, आणि सावरकर भेटायला येणाऱ्यांना आधी तिथला चहा घेऊन या म्हणत, असे त्यांच्या चरित्रांत नोंदलेले आहे.

हे घडले. ते नाकारण्याचे कारण नाही. त्या काळच्या रत्नागिरीत, जिथे सनातन्यांचा जोर होता, तिथे हे करणे सोपे नव्हते. आपण इतिहासाशी प्रामाणिक राहिलो तरच दुसऱ्याला प्रामाणिकपणा मागता येतो. पण प्रामाणिकपणे पुढचे प्रश्नही विचारले पाहिजेत. त्या उपाहारगृहाच्या पाटीवर 'अखिल हिंदू' का होते, 'अखिल माणूस' का नव्हते? तिथे एकत्र बसण्याचे कारण माणूस असणे हे होते, की हिंदूंची संख्या आणि संघटन टिकवणे हे होते? सावरकरांनी आपला हेतू लपवला नव्हता. त्यांना एकसंध हिंदू समाज हवा होता आणि जातिभेद त्याच्या आड येत होता.

बाबासाहेबांचे उत्तर त्याच १९३३ सालचे आहे. रत्नागिरीच्या किल्ल्यावरचे मंदिर अस्पृश्यांना खुले करण्याच्या समारंभासाठी सावरकरांनी त्यांना बोलावले होते. बाबासाहेबांना येता आले नाही. त्यांनी पत्र पाठवले. सावरकरांच्या कामाची दखल त्यांनी सभ्यपणे घेतली, पण मुद्दा सोडला नाही: अस्पृश्य हे हिंदू समाजाचे अंग व्हायचे असतील तर नुसती अस्पृश्यता जाऊन भागणार नाही, चातुर्वर्ण्यच गेले पाहिजे. तीन वर्षांनी 'जातिनिर्मूलन' मध्ये त्यांनी हीच गोष्ट सविस्तर मांडली. अनेक जाती एकमेकींच्या पंगतीला बसतात, तरी त्यांच्यातली जात मेलेली नाही. कारण जात पानावर नसते, मनात असते. ती मनात घातली शास्त्रांनी. त्या शास्त्रांचा अधिकार मोडल्याशिवाय एकत्र जेवून काय होणार?

याचा अर्थ बाबासाहेब सहभोजनाच्या विरोधात होते असा कोणी लावू नये. त्यांच्या समाज समता संघाने सहभोजने केली. १९२८ च्या एप्रिलमध्ये पुण्यात टिळकांच्याच गायकवाड वाड्यात टिळकांचे चिरंजीव श्रीधरपंत यांनी सहभोजन घडवले, त्याला बाबासाहेब हजर होते. १८९० साली ज्या बापाला एका चहाने अडचणीत आणले, त्याच्या मुलाने अस्पृश्यांना घरात जेवायला बसवले. महिन्या-दीड महिन्यात श्रीधरपंतांनी आत्महत्या केली. त्यांना कशाकशाचा त्रास झाला तो वेगळा विषय आहे, पण हे काम करणारा माणूस आपल्याच माणसांत किती एकटा पडतो ते यातून कळावे.

आणि आपल्या लोकांनी कोणाच्या पंगतीची वाट पाहत बसायचे ठरवले नव्हते, हेही पोरांना सांगा. महाडला बाजारासाठी, कोर्टकचेरीसाठी आलेल्या अस्पृश्याला घोटभर पाणी मिळत नसे. तिथे आपल्या माणसांचे चहाचे दुकान निघाले, ते कॉम्रेड रामचंद्र बाबाजी मोरे यांच्या खटपटीतून. दुकान कसले, कार्यकर्त्यांचा अड्डाच तो! १९२७ च्या मार्चमध्ये महाड परिषद भरली तेव्हा पाणी चाळीस रुपयांना विकत घ्यावे लागले होते. समोर चवदार तळे भरलेले आणि पाणी विकत! त्याच परिषदेत बाबासाहेबांनी सांगितले की मेलेल्या जनावराचे मांस सोडा, शिळ्या तुकड्यांवर जगणे सोडा. अन्नाचा प्रश्न त्यांच्यासाठी चवीच्या आधी स्वाभिमानाचा होता.

आता पुन्हा त्या यादीकडे या. यादीत नाचणीची भाकरी आहे, कुळथाची पिठी आहे, सुकट आहे. 'अस्सल कोकणी' म्हणून पर्यटक पैसे मोजून खातो. ही भाकरी आमच्या आजीच्या ताटात हौसेने आली नव्हती. खोताच्या जमिनीत भात लावायचे, अर्धेलीने अर्धे भात त्याच्या घरी पोचवायचे, आणि आपण वरकस जमिनीतली नाचणी खायची, असा तो हिशेब होता. तो मोडायला बाबासाहेबांनी १९३७ साली विधिमंडळात खोती नष्ट करण्याचे विधेयक आणले आणि १९३८ च्या जानेवारीत कोकणातले शेतकरी मुंबईत विधिमंडळावर चालून गेले. त्यात कुणबी होते, महार होते, एकत्र होते. थाळीतल्या भाकरीमागे हा लढा आहे. तो मेनूकार्डावर छापत नाहीत.

माझी आजी सांगायची, गावच्या नाक्यावरच्या चहाच्या टपरीत आपल्या लोकांसाठी कान तुटलेला कप वेगळा, छपराच्या वाशात अडकवलेला. आपणच काढायचा, आपणच विसळायचा, आपणच परत अडकवायचा. चहाचे पैसे मात्र सगळ्यांइतकेच.

तो कप कोणाच्या मनाच्या मोठेपणाने गेला नाही. तो कायद्याने गेला. संविधानाच्या कलम १५(२) मध्ये दुकाने, सार्वजनिक उपाहारगृहे, हॉटेले यांचा नाव घेऊन उल्लेख आहे. जगातल्या किती घटनांना हॉटेलाचे नाव लिहावे लागले असेल? आपल्याला लागले. संविधान सभेत 'दुकान' या शब्दाचा अर्थ विचारला गेला तेव्हा बाबासाहेबांनी तो व्यापक अर्थाने घ्यायचा, सेवा देणारा प्रत्येक जण त्यात येतो, असे स्पष्ट केले. पुढे १९५५ च्या अस्पृश्यता कायद्याने हॉटेलातली भांडी वापरू न देणे हासुद्धा गुन्हा ठरवला. कपबशीसाठी कायदा करावा लागलेला हा देश आहे.

मग आज सगळे ठीक आहे का? आत शिरताना आज कोणी जात विचारत नाही, हे खरे. पण आपल्या ओळखीच्या एका मुलाने रस्त्याकडेला खाणावळ काढली तेव्हा घरच्यांनीच सल्ला दिला: पाटीवर आडनाव नको, भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो नको, गिऱ्हाईक तुटेल. त्याने फोटो लावला. गिऱ्हाईक थोडे तुटले, थोडे टिकले. 'घरगुती', 'शुद्ध', 'सोवळ्यातले' असे शब्द अजूनही दर वाढवतात आणि काही आडनावे अजूनही गिऱ्हाईक घटवतात. शतकापूर्वी गंगाराम कांबळेंना जी अडचण होती, तीच ही.

म्हणून मी त्या तरुण मित्राला तीन प्रश्न दिले. कोणत्याही हॉटेलात, कोणत्याही सहभोजनात, कोणत्याही 'समरसता' कार्यक्रमात ते विचारायचे. कोण बसले? कोणी रांधले? गल्ल्यावर कोण आहे? पहिल्या प्रश्नाचे उत्तर 'सगळे' असे आले की लोक टाळ्या वाजवतात आणि घरी जातात. आपण तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर मिळेपर्यंत उठायचे नाही.

परतताना त्याने यादीत एक नाव वाढवले, त्या फोटोवाल्या खाणावळीचे. तिथली सुकटीची चटणी आणि तांदळाची भाकरी खरेच चांगली आहे. रत्नागिरीला आलात तर मला विचारा, पत्ता देतो. शिफारस करायची तर अशी करू या.

जय भीम!