काळी, पांढरी आणि शेताचे नाव

इंग्लंडमध्ये धातुशोधक यंत्र घेऊन शेते पालथी घालण्याचा छंद ज्यांना जडतो, त्यांना पहिला प्रश्न पडतो तो यंत्राचा नव्हे, जागेचा. यंत्र दुकानात मिळते. घराजवळची कोणती जागा धुंडाळावी, हे मात्र कोणी सांगत नाही. आणि ज्याला ठाऊक असते तो तर मुळीच सांगत नाही. मग हा हौशी माणूस जुने नकाशे उघडतो, आणि नकळत इतिहासाच्या अभ्यासकाच्या वाटेला लागतो.

यंत्राचा पूर्वेतिहास युद्धातला आहे. जमिनीत पेरलेले सुरुंग हुडकण्यासाठी युसेफ कोसात्स्की या पोलिश अधिकाऱ्याने हाती धरून चालवता येईल असे साधन सिद्ध केले व १९४२ साली अल अलामेनच्या लढाईत त्याचा उपयोग झाला. पुढे ट्रान्झिस्टर आला, यंत्र हलके आणि स्वस्त झाले, आणि १९७० च्या दशकात ब्रिटनमध्ये या छंदाचे पेवच फुटले.

आता नकाशांविषयी. चर्चला धान्यरूपाने द्यावयाचा दशमांश रोख रकमेत बदलण्याचा कायदा इंग्लंडमध्ये १८३६ साली झाला. त्यासाठी गावोगावची मोजणी झाली आणि प्रत्येक शेताला क्रमांक देऊन मालक कोण, कसणारा कोण, शेताला लोक काय म्हणतात, याची नोंद झाली. करवसुलीसाठी केलेला हा उद्योग आज हौशी शोधकाचा मोठा आधार आहे. मोडून गेलेली पायवाट, नदीचा उतार, जत्रेचे मैदान या साऱ्या जागा जुन्या कागदांवर सापडतात. माणसे जेथे थांबली आणि जेथे त्यांनी पैसे मोजले, तेथेच ते पडलेही. मात्र येथे एक फसगत आहे. गावातील उकिरड्याचे खत शेतात पसरण्याची चाल तिकडेही होती. त्या खताबरोबर गुंड्या, बकले, नाणी दूरवर गेली. तेव्हा एखादे सुटे नाणे हाती लागले म्हणून तेथे वस्ती होती असे होत नाही.

शेतांची नावे त्याहून बोलकी. ज्या नावांत ‘चेस्टर’ आहे तेथे लॅटिन भाषेतील छावणीचा शब्द दडलेला असू शकतो. ‘ब्लॅकलँड्स’ म्हणजे काळी जमीन. रोमन काळातील वस्तीच्या राखेने आणि केरकचऱ्याने माती काळवंडली, नांगर धरणाऱ्याला तो रंग दिसला आणि त्याने शेताला नाव दिले. रोमन हा शब्दही त्याच्या कानावर गेला नसेल. मराठी वाचकाला येथे गंमत वाटेल. आपल्याकडे काळी म्हणजे शेतजमीन आणि पांढरी म्हणजे गावठाण. दख्खनची माती मुळातच काळी, म्हणून शतकानुशतकांच्या चुलींची राख आणि पडक्या घरांची माती तिच्यावर पांढुरकी उठून दिसते. जुन्या वस्तीच्या शोधात निघालेले आपले पुरातत्त्वज्ञ नदीकाठची पांढरीची टेकाडे पाहतात ती यामुळेच. रंग उलटा, पण खूण तीच.

जागा सापडली की पुढे काय, यावर मात्र सारे अवलंबून असते. सरे परगण्यातील वॉनबरो येथे रोमन काळातील मंदिराची जागा होती. तेथे नाणी निघतात हे कळताच १९८० च्या दशकाच्या मध्यास रात्री-अपरात्री टोळ्या येऊन खणू लागल्या. हजारो नाणी बाजारात पांगली. ती आज जगात कोठेतरी आहेतही. पण कोणते नाणे कशाशेजारी होते हे आता कोणालाही सांगता येणार नाही. या लुटीमुळे कायदा बदलण्याच्या मागणीला जोर आला आणि १९९६ साली नवा निधी-कायदा झाला. पाठोपाठ १९९७ पासून हौशी लोकांना सापडलेल्या साध्यासुध्या वस्तूंचीही, स्थळासह, ऐच्छिक नोंद सुरू झाली. अशा नोंदी आज १५ लाखांहून अधिक आहेत. पुरातत्त्वज्ञ आणि हौशी यांचे पूर्वी हाडवैर होते. माझ्या मते ते मिटवण्यात कायद्यापेक्षा या नोंदवहीचा वाटा मोठा.

ट्रेंट नदीकाठच्या टॉर्क्सी येथे व्हायकिंग सैन्याने ८७२-७३ चा हिवाळा काढला, असे अँग्लो-सॅक्सन बखरीत आहे. नेमकी जागा मात्र अज्ञात होती. ती उमगली ती हौशी शोधकांच्या वस्तूंमुळे: कापलेली अरबी चांदीची नाणी, वजने, सोंगट्या. यांतील एकेक वस्तू किरकोळ आहे. त्या सर्व एकाच परिसरातल्या आहेत, हे कोणीतरी लिहून ठेवले म्हणून छावणी उभी राहिली.

आणि सफक परगण्यातील हॉक्सनचा निधी तर जागा न शोधताच लाभला. १९९२ च्या नोव्हेंबरात एका शेतकऱ्याचा हातोडा शेतात हरवला होता. मित्र यंत्र घेऊन तो हुडकू लागला, आणि लागले रोमन सोने-चांदी. एकंदर नाणीच १४ हजारांवर भरली. पण या माणसाचे मोठेपण सापडण्यात नाही, थांबण्यात आहे. थोडे वर काढून त्याने हात आवरला आणि खबर दिली. तज्ज्ञांनी उरलेले जागच्या जागी पाहिले, म्हणून कुजून गेलेल्या लाकडी पेटीत कोणती वस्तू कशी ठेवली होती हे आज सांगता येते. हातोडाही ब्रिटिश म्युझियममध्ये आहे.

आपल्याकडे असा छंद फोफावलेला नाही. १८७८ चा निधी-कायदा दहा रुपयांवरील भूमिगत वस्तूची खबर कलेक्टरला देण्यास सांगतो. पण यंत्राविनाही निधी सापडतातच. प्रवरेकाठच्या दायमाबादला (अहमदनगर, आताचा अहिल्यानगर जिल्हा) १९७४ साली एका भिल्ल शेतकऱ्याला झाडाचे मूळ खणताना ब्राँझच्या चार वस्तू मिळाल्या: बैलजोडीचा रथ आणि तो हाकणारा माणूस, हत्ती, गेंडा, रेडा. एकत्र वजन ६० किलोंहून अधिक. त्या हरवल्या नाहीत, वितळल्या नाहीत, हे आपले भाग्य. परंतु त्या उत्खननातून, थरांची नोंद होत निघाल्या नव्हत्या. ढवळीकरांनी त्या उत्तर हडप्पा काळातील मानल्या. धर्मपाल अग्रवाल यांनी धातूतील आर्सेनिकच्या प्रमाणावरून त्या प्राचीनतेविषयी शंका घेतली. १९७५ ते ७९ या काळात साळी यांनी तेथील पांढरी पद्धतशीर खणली आणि वस्तीच्या एकामागून एक थरांचा क्रम लावून दाखवला. रथ मात्र त्याआधीच वर आलेला होता.