खांद्यावरचा माणूस

दिवाळीच्या सुट्टीत नातू डहाणूला आला की आमचा एक करार असतो. एक सिनेमा माझ्या पसंतीचा, एक त्याच्या. मी त्याला 'श्यामची आई' दाखवला. तो निम्म्यात पेंगला, पण बसून राहिला हे खरं. मग त्याने मला 'मॅड मॅक्स बियाँड थंडरडोम' दाखवला. १९८५ सालचा ऑस्ट्रेलियन सिनेमा. मारामारी फार, आणि मला इंग्रजी कानाने नीट उमगत नाही, त्यामुळे मीही पेंगणारच होतो. पण त्यात एक जोडी आली आणि मी ताठ बसलो.

जग बेचिराख झालेलं आहे. वाळवंटात एक बाजारगाव उभं राहिलंय. तिथले दिवे डुकरांच्या विष्ठेपासून काढलेल्या गॅसवर चालतात (आपल्या गोबरगॅसचाच भाऊ म्हणा ना). हा गॅसचा कारखाना चालवतो मास्टर नावाचा एक ठेंगणा म्हातारा. बुद्धी तल्लख, पण अंगात ताकद नाही. म्हणून तो ब्लास्टर नावाच्या एका धिप्पाड माणसाच्या खांद्यावर बसून फिरतो. वरचा विचार करतो, खालचा मारतो, उचलतो, चालतो. गावची राणी या दोघांपुढे हतबल आहे. मग ती डाव टाकते. खालच्याला मारायचं आणि वरच्याला जिवंत ठेवायचं. डोकं एकटं पडलं की मुकाट आपलं ऐकेल! लढाईत ब्लास्टरचं शिरस्त्राण पडतं, तेव्हा दिसतो एका निष्पाप लेकराचा चेहरा. नायक त्याला मारत नाही. राणीची माणसं मारतात.

नातवाला ही कल्पना नवी वाटली. मी म्हटलं, अरे, ही आपल्याकडची जुनी गोष्ट. आंधळा आणि पांगळा. सांख्य तत्त्वज्ञानात तर पुरुष आणि प्रकृती यांचं नातं समजावायला हाच दाखला देतात, पंग्वंधन्याय म्हणतात त्याला. मी स्वतः ही गोष्ट वर्गात किती वेळा सांगितली असेल! आणि शेवटी फळ्यावर 'शक्तीपेक्षा युक्ती श्रेष्ठ' असं ठळक अक्षरात.

पण त्या रात्री मला सांख्य आठवलं नाही. आठवली ती झरी.

झरी हे गाव आज तलासरी तालुक्यात आहे. तेव्हा ते उंबरगाव तालुक्यात होतं आणि जिल्हा ठाणे. (पालघर जिल्हा झाला तो २०१४ साली.) हा सगळा पट्टा वारल्यांचा, पण जमीन सावकार-जमीनदारांची. वारल्याने लग्नासाठी सावकाराकडून पैसे घेतले की तो त्याचा 'लग्नगडी' व्हायचा. म्हणजे नवरा-बायको दोघांनीही त्याच्याकडे राबायचं, आणि ते कर्ज कधीच फिटायचं नाही. इतरांनाही वेठ होतीच. नांगरणी, गवत, जळण, पाणी, सगळं फुकट. नाही म्हटलं की मार. हे काही कुण्या चळवळ्याने रचलेलं नव्हे. सायमिंग्टन नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने १९३० च्या दशकाच्या अखेरीस सरकारलाच हे अहवालात लिहून दिलं होतं.

म्हणजे खांद्यावर माणूस बसलेला होताच. फक्त खालच्याला विचारून बसलेला नव्हता.

माझे आजोबा त्याच काळात एका सावकाराकडे दिवाणजी होते. हे मी आजवर कुठे लिहिलं नाही, नातेवाइकांतल्या काहींना तर ठाऊकही नसेल. आजोबा मोडी सुंदर लिहीत. अंगठा कुठे उठवायचा ते बोटाने दाखवीत. सावकाराची बुद्धी म्हणजे खरं तर आजोबांची वही होती.

७ जानेवारी १९४५ रोजी टिटवाळ्याला किसान सभेची परिषद झाली. झरीचे माह्या धांगडा आणि आणखी काही आदिवासी तिथे जाऊन आले. त्यातून शामराव आणि गोदावरी परुळेकर या भागात आले. गोदावरीबाई पुण्याच्या गोखल्यांच्या. कायद्याची पदवी घेतलेल्या. ती मिळवणाऱ्या महाराष्ट्रातल्या पहिल्या स्त्रियांत त्यांचं नाव घेतात. भारत सेवक समाजाच्या त्या पहिल्या महिला आजीव सदस्य. २३ मे १९४५ ला झरीला सभा भरली. पाचेक हजार वारली आले. ठराव अगदी साधा: रोजचे बारा आणे रोख मिळाल्याशिवाय जमीनदाराच्या जमिनीवर काम करायचं नाही, वेठ करायची नाही, अंगावर हात टाकला तर प्रतिकार करायचा, आणि एकीने राहायचं.

लगेच पावसाळा आला. वडील सांगत, त्या आषाढात सावकाराच्या वाड्यावर कोणी आलंच नाही. शेण पडून राहिलं, आवण वाळायला लागलं. आजोबांना गुरं सोडायला पाठवलं, तर त्यांना दाव्याची गाठ सुटेना! वडील हे हसत सांगायचे. आजोबा या गोष्टीवर कधी हसले नाहीत म्हणे.

आता यावर पेपरवाले, सरकार, जमीनदार सगळ्यांचं निदान एकच. वारली म्हणजे नुसतं बळ. डोकं परुळेकरांचं. डोकं उडवा, धड आपोआप बसेल. राणीच्या डावाच्या बरोबर उलटा डाव.

पण त्याआधी याहून वाईट घडलं. जमीनदारांनी निरोप फिरवला की तलवाड्याला गोदूताई येणार आहेत, त्यांच्या जिवाला धोका आहे, काठ्या-कोयते घेऊन या. तिकडे पोलिसांना सांगितलं, वारली दंगल करायला जमताहेत. हजारो माणसं जमली आणि बाईंची वाट बघत बसून राहिली. बाई येणारच नव्हत्या. १० ऑक्टोबर १९४५ ला त्या जमावावर गोळीबार झाला. जेठ्या गांगड आणि आणखी चार जण गेले. सिनेमातला ब्लास्टर एका कर्कश शिट्टीने गडबडतो, तिथेच त्याचा घात होतो. वारल्यांच्या बाबतीत ती शिट्टी म्हणजे एका बाईचं नाव होतं. एवढा विश्वास टाकलेला असला की तोच पकडून कोणीही ओढू शकतं. गोदावरीबाईंना हे किती लागलं असेल याचा मी पुष्कळदा विचार करतो.

नंतर डोकं उडवण्याचा प्रयोग झालाच. १९४६ मध्ये जंगलकामाला सव्वा रुपया रोज मागत संप झाला. तेव्हा खेर मंत्रिमंडळ होतं आणि मोरारजी देसाई गृहमंत्री. परुळेकरांना जिल्ह्यातून हद्दपार केलं गेलं. ७ जानेवारी १९४७ ला नानिवलीला पुन्हा गोळीबार झाला. पण धड काही बसलं नाही. वेठ परत आली नाही, लग्नगडी परत वाड्यावर गेले नाहीत.

कारण निदान चुकलं होतं. बाईंना त्या रानात वाटा कोण दाखवत होतं? एका पाड्याचा निरोप रातोरात दुसऱ्या पाड्यावर कोण नेत होतं? कोणता तलाठी कसा, कोणता कंत्राटदार कुठे वजनात मारतो, हे त्यांना कायद्याच्या पुस्तकात थोडंच सापडलं होतं? 'जेव्हा माणूस जागा होतो' हे त्यांचं १९७० चं पुस्तक (१९७२ चा साहित्य अकादमी पुरस्कार त्याला आहे) अवश्य वाचा. त्यात शिकवणारी बाई कमी आणि शिकणारी जास्त दिसते, निदान मला तरी. कायदा, लेखणी आणि बाहेरच्या जगाची ओळख परुळेकरांची, बाकी पुष्कळसं डोकं वारल्यांचंच. शामराव १९६५ साली तुरुंगातच वारले. १९७७ मध्ये डहाणूतून लोकसभेवर लहानू कोम निवडून गेले, ते याच चळवळीतून आलेले आदिवासी कार्यकर्ते.

आता माझं. मी या भागातल्या शाळेत बरीच वर्षं नोकरी केली. बाकं हलवायची असली, विहिरीवरून पाणी आणायचं असलं की माझ्या तोंडी वारली मुलांचीच नावं यायची. 'कामाची पोरं' म्हणायचो, तेही कौतुकाने! एकदा आंधळ्या-पांगळ्याची गोष्ट संपवून फळ्यावर सुविचार लिहीत होतो, तर मागच्या बाकावरचा एक मुलगा उठला. म्हणाला, "गुरुजी, आंधळ्याला वाट कळतच असंल. रात्री रानात आम्हीपण बघत नाही. पायांना कळते." वर्ग हसला. मीही हसलो आणि त्याला खाली बसवलं. हा प्रसंग मी विसरून गेलो होतो. सिनेमा बघताना आठवला.

सिनेमा संपल्यावर मी माळ्यावरून आजोबांची एक कच्ची वही काढली. मोडी मला अडखळत वाचता येते. एका पानावर एका वारल्याचं नाव, त्यापुढे 'लग्नापायी' असं लिहून रक्कम, आणि मग दर वर्षाला व्याज, ज्वारी, भात, पुन्हा व्याज. बायकोचं नाव कुठेही नाही. नातवाने बोट फिरवत फिरवत विचारलं, "आजोबा, मग यानं किती फेडलं शेवटी?"

आम्ही दोघांनी पानं उलटली. १९४५ च्या उन्हाळ्यानंतर त्या खात्यात काही लिहिलेलं नाही.