‘काहीतरी चांगलं द्या’ म्हणणाऱ्या वाचकासाठी

संध्याकाळी सहा-साडेसहाची वेळ. कोणत्याही शहरातील वाचनालयाच्या देवघेव विभागात या वेळी डोकावले, तर एक प्रश्न हमखास कानावर पडतो : ‘नवीन काय आलंय? काहीतरी चांगलं द्या.’ काउंटरपलीकडील कर्मचारी हाताशी असलेले, नुकतेच परत आलेले पुस्तक पुढे सरकवतो. वाचक ते उलटसुलट करून पाहतो आणि बहुधा घेऊन जातो. अशा रीतीने तीच वीस-पंचवीस पुस्तके वर्षभर फिरत राहतात. मागच्या कपाटात मात्र गेल्या दहा-पंधरा वर्षांतील मराठीतल्या काही उत्तम कादंबऱ्या उभ्या असतात. त्यांच्या शेवटच्या पानावर चिकटवलेल्या तारखांच्या कागदावर दोन-तीन शिक्क्यांपलीकडे काही नसते.

हा केवळ वाचकाच्या आवडीनिवडीचा प्रश्न नाही. गंभीर वळणाच्या मराठी कादंबरीची आवृत्ती साधारणतः हजार प्रतींची असते. अलीकडे ती त्याहूनही कमी असते. त्यांतील बऱ्याच प्रती सार्वजनिक वाचनालयांत जातात. महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय अधिनियम १९६७ सालचा. त्याच्या आधारे शासनमान्य ग्रंथालयांना ‘अ’ ते ‘ड’ अशा वर्गवारीनुसार अनुदान मिळते आणि त्या अनुदानाचा काही भाग ग्रंथखरेदीसाठी असतो. म्हणजे पुस्तक वाचनालयात पोहोचण्याची व्यवस्था आहे. कपाटातून वाचकाच्या हाती पोहोचण्याची व्यवस्था तेवढी पक्की नाही. मागणी नसलेले पुस्तक काही वर्षांनी जागेअभावी बाद पुस्तकांच्या यादीत जाते. आवृत्ती संपलेली आणि पुन्हा न निघालेली कादंबरी वाचनालयातूनही गेली, की सामान्य वाचकापुरती ती संपल्यातच जमा होते.

पुस्तक आणि वाचक यांची गाठ घालून देणे हेच ग्रंथालयाचे मुख्य काम, असा विचार डॉ. शि. रा. रंगनाथन यांनी १९३१ मध्ये आपल्या पंचसूत्रीतून मांडला. ही गाठ घालण्याचा सोपा मार्ग म्हणजे ‘चांगले काय?’ या प्रश्नाऐवजी ‘याआधी काय आवडले होते?’ हा प्रश्न विचारणे. त्याच अंगाने, वाचकाच्या परिचित आवडीपासून नव्या कादंबरीकडे नेणारी ही काही शिफारस. पुस्तके निवडक आहेत. यादी परिपूर्ण असल्याचा दावा नाही.

ऐतिहासिक कादंबरी आवडत असेल तर

‘स्वामी’ (१९६२), ‘मृत्युंजय’ (१९६७), ‘पानिपत’ (१९८८) ही आपल्या वाचनालयांची सदाबहार पुस्तके. ती वाचून झालेल्या सभासदाला पुन्हा त्याच धाटणीची दुसऱ्या दर्जाची कादंबरी देण्यापेक्षा नंदा खरे यांची ‘अंताजीची बखर’ (१९९७) द्यावी. मराठ्यांच्या बंगालवरील स्वाऱ्या आणि प्लासीचा काळ ही तिची पार्श्वभूमी. पण नायक सेनापती नाही, तर हेरगिरी करणारा, जीव वाचवू पाहणारा, मिश्कील असा एक सामान्य माणूस आहे. इतिहास वरून न पाहता खालून पाहिला, की कसा दिसतो, याचा प्रत्यय ही कादंबरी देते. तिचा पुढचा भाग ‘बखर अंतकाळाची’ २०१० मध्ये आला.

ज्यांना मोठ्या पटाची आवड आहे, त्यांच्यासाठी रंगनाथ पठारे यांची ‘सातपाटील कुलवृत्तांत’ (२०१९) आहे. पठारे यांनी संगमनेरला भौतिकशास्त्र शिकवले आणि ‘ताम्रपट’साठी १९९९ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळवला. सुमारे आठशे पानांच्या या कादंबरीत यादवकाळापासून आजपर्यंत एका पाटील घराण्याच्या पिढ्या येतात. राजे-सरदार कडेला राहतात, मध्यभागी येते ते कुळ, गाव आणि जात घडण्याची प्रक्रिया. एवढा ग्रंथ वाचनालयाच्या नेहमीच्या मुदतीत संपणे कठीण. मुदत वाढवून घ्यावी. पुढचा सभासद रांगेत नसेल तर ती बहुधा मिळते.

भालचंद्र नेमाडे यांची ‘हिंदू : जगण्याची समृद्ध अडगळ’ (२०१०) याच वाटेवरची, पण अधिक कष्ट मागणारी. उत्खननाच्या कामात गुंतलेला पुरातत्त्वज्ञ खंडेराव वडिलांच्या आजारपणाची बातमी कळताच मोरगावला निघतो आणि त्या प्रवासात त्याच्या मनात कुटुंबाचे, गावाचे, संस्कृतीचे थरामागून थर उलगडत जातात. पुस्तकाच्या नावामुळे काही जण वाद अपेक्षून ते उघडतात आणि पन्नासाव्या पानावर थांबतात. हे पुस्तक गोष्ट म्हणून पुढे पळत नाही; गप्पांच्या अंगाने, आडवळणे घेत जाते. हे आधीच सांगितले, तर वाचकाची निराशा टळते.

गावाकडची गोष्ट हवी असेल तर

विश्वास पाटील यांची ‘झाडाझडती’ ज्यांनी वाचली आहे, त्यांना धरणग्रस्तांचे दुःख ठाऊक आहे. त्यांनी कृष्णात खोत यांची ‘रिंगाण’ अवश्य मागावी. कोल्हापूर जिल्ह्यातील या लेखकाला तिच्यासाठी २०२३ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. गाव उठले, माणसे दुसरीकडे गेली. मागे राहिलेली म्हैस रानटी झाली. तिला परत आणायला निघालेला देवाप्पा आणि ती म्हैस यांच्यातील झुंज म्हणजे ही कादंबरी. विस्थापनाचे आकडे जे सांगू शकत नाहीत, ते इथे एका जनावराच्या डोळ्यांत दिसते.

सदानंद देशमुख यांची ‘बारोमास’ ही २००४ च्या अकादमी पुरस्काराची मानकरी. शिकूनही नोकरी न मिळालेल्या, शेतीही न साधणाऱ्या विदर्भातील तरुणाची ही कहाणी. तिची पुढची कडी म्हणून नवनाथ गोरे यांची ‘फेसाटी’ वाचता येईल. जत तालुक्यातील दुष्काळी मुलखात पडेल ते काम करत शाळा-कॉलेज न सोडणाऱ्या मुलाचे हे जवळजवळ आत्मकथन आहे. तिला २०१८ मध्ये अकादमीचा युवा पुरस्कार मिळाला.

तुळजापूरचे देविदास सौदागर हे स्वतः शिवणकाम करणारे. त्यांच्या ‘उसवण’ या कादंबरीला २०२४ मध्ये युवा पुरस्कार मिळाला. तयार कपड्यांच्या दुकानांनी ज्याचे काम हिरावून घेतले, अशा छोट्या गावातील शिंप्याची ही गोष्ट. कादंबरी आटोपशीर आहे आणि तिच्यात एकही शब्द दयेची याचना करत नाही. शहरी वाचकाने समकालीन ग्रामीण कादंबरीची सुरुवात इथून करावी, हे उत्तम.

या गटातील पुस्तके परत येण्याचे एक कारण बोलीभाषा हे असते. ‘समजत नाही’ म्हणून चौथ्या पानावर पुस्तक मिटले जाते. यावर एक साधा उपाय आहे. पहिली दहा-पंधरा पाने मोठ्याने वाचावीत. डोळ्यांना अडणारी बोली कानाला बहुधा अडत नाही.

घर, नाती आणि स्त्रीचे जग

दुपारच्या वेळी वाचनालयात येणाऱ्या गृहिणी आणि निवृत्त शिक्षिका हा वाचनालयांचा मोठा आधार. त्यांना हलकीफुलकी कौटुंबिक कादंबरीच हवी असते, हा समज खरा मानण्याचे कारण नाही. आशा बगे यांची ‘भूमी’ (अकादमी पुरस्कार, २००६) शांत लयीत, पण ठामपणे एका मुलीच्या घडण्याची कथा सांगते. गौरी देशपांडे यांच्या वाचकांना मेघना पेठे यांची ‘नातिचरामि’ (२००५) जवळची वाटेल. विवाहसंस्थेकडे इतक्या निर्भीडपणे पाहणाऱ्या कादंबऱ्या मराठीत थोड्याच.

कविता महाजन यांच्या ‘ब्र’ने (२००५) सामाजिक कामाच्या निमित्ताने आदिवासी भागातल्या महिला सरपंचांपर्यंत पोहोचणारी नायिका मराठीत आणली, ‘भिन्न’ने (२००७) एचआयव्हीबाधितांचे जग उघडे केले. महाजन यांचे २०१८ मध्ये निधन झाले. लेखक गेल्यानंतर पुस्तके मागे पडतात, असा अनुभव आहे. ती मागितली जाणे वाचकांच्या हाती आहे.

भयकथा-रहस्यकथांच्या वाचकांसाठी

नारायण धारप आणि रत्नाकर मतकरी यांच्या पुस्तकांची बांधणी जितकी उसवलेली, तितकी त्यांची मागणी मोठी, हे कोणत्याही वाचनालयात पाहता येते. या वाचकाला ‘साहित्यिक’ हा शब्द ऐकूनच धास्ती वाटते. त्याच्या हाती न सांगता हृषीकेश गुप्ते यांची ‘दंशकाल’ ठेवावी. कोकणातील एक गाव, एक घर, त्या घरातील वेड, वासना आणि भीती. गोष्ट वाचकाला सोडत नाही. भूत बाहेर आहे की घराण्याच्या इतिहासात, हा प्रश्न मात्र पुस्तक मिटल्यावरही राहतो.

तरुण सभासदांसाठी

मिलिंद बोकील यांच्या ‘शाळा’ची (२००४) वेगळी शिफारस करण्याची गरज नाही, तीवर आधारित चित्रपटाने तिला नवे वाचकही मिळवून दिले. प्रश्न असतो तो ‘शाळा’नंतर काय, हा. सचिन कुंडलकर यांची ‘कोबाल्ट ब्लू’ (२००६) हे एक उत्तर. घरात भाड्याने राहायला आलेल्या एकाच तरुणाच्या प्रेमात पडलेले भाऊ आणि बहीण यांची ही दोन भागांतील कथा. लेखकानेच दिग्दर्शित केलेला तिच्यावरील चित्रपट २०२२ मध्ये आला. दुसरे उत्तर प्रणव सखदेव यांची ‘काळेकरडे स्ट्रोक्स’ (२०१९). तिला २०२१ चा युवा पुरस्कार मिळाला. लोकलने कॉलेजला जाणाऱ्या उपनगरी तरुणाची मैत्री, प्रेम आणि अपराधभाव ती त्याच्याच भाषेत मांडते.

थोडी वेगळी वाट

वाचन मुरलेल्या सभासदाला आव्हान हवे असते. नंदा खरे यांची ‘उद्या’ त्याच्यासाठी आहे. माणसाची प्रत्येक हालचाल नोंदवून ठेवणाऱ्या कंपन्या, माहितीचा बाजार आणि आक्रसत जाणारे स्वातंत्र्य यांचे भविष्यचित्र तिच्यात आहे. तिला २०२० चा अकादमी पुरस्कार जाहीर झाला आणि समाजाने आपल्याला पुष्कळ दिले आहे, या भूमिकेतून खरे यांनी तो नाकारला. २०२२ मध्ये त्यांचे निधन झाले. मोबाइल हातात घेऊन वाचनालयाच्या रांगेत उभ्या असलेल्या प्रत्येकाशी या कादंबरीचा संबंध आहे.

सावंतवाडीचे प्रवीण बांदेकर यांची ‘उजव्या सोंडेच्या बाहुल्या’ (अकादमी पुरस्कार, २०२२) कळसूत्री बाहुल्यांच्या खेळाचा आधार घेऊन दोऱ्या कोणाच्या हाती आहेत, हा प्रश्न विचारते. श्याम मनोहर यांची ‘उत्सुकतेने मी झोपलो’ (अकादमी पुरस्कार, २००८) छोट्या, सरळ वाक्यांत मध्यमवर्गीय घराला विचार करायला लावते आणि हसवतेही. अवधूत डोंगरे यांची ‘स्वतःला फालतू समजण्याची गोष्ट’ (२०१२) एका बैठकीत वाचून होते आणि बराच काळ मनात रेंगाळते.

पुरस्कारांची यादी कितपत उपयोगाची?

वरील परिच्छेदांत पुरस्कारांचे उल्लेख वारंवार आले. परंतु केवळ त्या यादीवर विसंबणे योग्य नाही. २००९ ते २०१९ या अकरा वर्षांत साहित्य अकादमीचा मराठीसाठीचा मुख्य पुरस्कार एकाही कादंबरीला मिळालेला नाही. तो कविता, कथा, समीक्षा, ललित गद्य, आत्मचरित्र यांना मिळाला. मात्र याच काळात ‘हिंदू’, ‘बखर अंतकाळाची’ आणि ‘सातपाटील कुलवृत्तांत’ प्रसिद्ध झाल्या. पुरस्कारप्राप्त पुस्तकांचेच कपाट पाहणाऱ्या वाचकाला या तिन्हींचा पत्ता लागणार नाही. पुरस्कार हा दरवाजावरील पाटीसारखा असतो. आत कोण राहते, हे पाटी सांगते, पण पाटी नसलेल्या घरांतही माणसे राहतात.

वाचकाने आणि ग्रंथपालाने एवढे करावे

वाचकाने पुस्तक परत करताना ते आवडले की नाही, एवढे तरी सांगावे. पुढची शिफारस त्यावरच ठरते. हवे असलेले पुस्तक नसेल, तर वाचनालयाच्या सूचनावहीत लेखकाचे व पुस्तकाचे नाव नीट लिहावे. खरेदी समितीसमोर ती वही जाते, आणि जात नसेल तर ती जावी असा आग्रह सभासदांनी वार्षिक सभेत धरावा. जाड कादंबरीआधी त्याच लेखकाचे लहान पुस्तक वाचून पाहावे.

ग्रंथपालांनी नवी कादंबरी आडनावांच्या क्रमाने कपाटात जाण्यापूर्वी महिनाभर काउंटरजवळ, मुखपृष्ठ दिसेल अशी ठेवावी. ‘झाडाझडती’ आवडली? मग ‘रिंगाण’ वाचा, अशी हाताने लिहिलेली एक ओळही पुरते. आणि बाद करावयाच्या पुस्तकांची यादी करताना, हे पुस्तक कोणाला नको होते की कोणाला दाखवलेच गेले नाही, हा प्रश्न स्वतःला एकदा विचारावा.

‘काहीतरी चांगलं द्या’ ही मागणी साधी दिसते, पण तिच्यात मोठा विश्वास असतो. मागणाऱ्याने आपल्या आयुष्यातील पुढचे आठ दिवस काउंटरपलीकडच्या माणसाच्या हवाली केलेले असतात. त्या विश्वासाला हाताशी आलेले पहिले पुस्तक, हे उत्तर पुरेसे नाही. उत्तर बहुधा मागच्या कपाटातच असते. तिथपर्यंत दोन पावले चालून जाण्याची तयारी हवी.